इंदूअक्कांची पिशवी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बोदवडच्या बहिणीलाही नाही — आणि तिच्यापासून तर मी काहीच लपवत नाही. मग तुम्हाला का सांगतेय? खरंच माहीत नाही. दमलेय, एवढंच. एखादी गोष्ट सांगायची नाही म्हणून सांभाळत बसण्याचाही कंटाळा येतो माणसाला.

मी पिंप्राळ्यातल्या एका लहानशा इंग्रजी शाळेत केजीला शिकवते. पंधरा वर्षं झाली. ए फॉर ॲपल, बी फॉर बनाना. भिंतीवर फळांचा तक्ता आहे — त्यावर चेरी, किवी, पीच, असली फळं, जी आमच्या मुलांनी चाखलेली नाहीत आणि खरं सांगायचं तर मीही नाही. दरवर्षी फ्रूट डे होतो. प्रत्येकाने एक फळ आणायचं आणि सगळ्यांसमोर त्याचं इंग्रजी नाव सांगायचं. वेगवेगळी फळं आणा म्हणून डायरीत कितीही लिहून पाठवा — जळगावच ते, निम्मा वर्ग केळं घेऊन येतो. बनाना, बनाना, बनाना. पूर्वी हसू यायचं. आता तेही येत नाही.

पण मी विषय टाळतेय. सांगायचं आहे ते इंदूअक्कांबद्दल.

इंदूअक्का आमच्या शाळेत आया होत्या. मूळच्या धुळ्याकडच्या. मुलांना बाथरूमला नेणं, डबे उघडून देणं, नाकं पुसणं, सगळं त्यांच्याकडे. त्याआधी बरीच वर्षं मेहरूणला तलावाजवळ फळांची गाडी लावायच्या. त्यांची नात परी माझ्याच वर्गात होती. शाळेत काम करणाऱ्यांच्या मुला-नातवंडांना फी माफ होती म्हणून. परी घरी जाऊन इंग्रजी नावं म्हणायची आणि ती बरोबर म्हणतेय की चूक, हे अक्कांना कळायचं नाही. तेवढ्यासाठी त्या शिकल्या. मधल्या सुट्टीत, फरशी पुसता पुसता मला विचारायच्या, “टीचर, पेरूले काय म्हनतस?” ग्वावा. “आन् पपईले?” पपाया. एकदा म्हणाल्या, “बोरले?” मला येत नव्हतं. पण येत नाही म्हणायला जीभ रेटेना. इंग्रजीत बोर नसतंच, असं मी ठोकून दिलं. “मंग त्या लोके थंडीमा काय खातस?” म्हणाल्या आणि पोट धरून हसल्या.

महिनाभरात त्यांचा तक्ता पाठ झाला. आणि मग — इथून माझं सुरू होतं — फळांचा तास मी हळूहळू त्यांच्यावर सोडायला लागले. आधी पाच मिनिटं. मग अर्धा तास. “अक्का, तेवढं घ्या ना तुम्ही,” म्हणायचे आणि स्टाफरूममध्ये मोबाइल बघत बसायचे. आजारी होते का? नाही. घरी काही अडचण होती का? तीही नाही. कंटाळा आला होता.

अक्कांनी काय केलं माहीत आहे? जुन्या हिरव्या लुगड्याची एक नाडीची पिशवी शिवून आणली. त्यात रोज एक फळ. मुलांनी डोळे मिटायचे, पिशवीत हात घालायचा, चाचपायचं, वास घ्यायचा आणि नाव सांगायचं. इतक्या वर्षांत मला जे सुचलं नाही ते. तक्त्यावरची नावं तोंडपाठ म्हणणारी मुलं पहिल्यांदा फळ ओळखून नाव सांगायला लागली. मला आनंद झाला असं लिहायला हवं ना? झाला नाही. जळफळाट झाला.

एके दिवशी एक पालक बाई मुलाला लवकर न्यायला आल्या. खिडकीतून बघतात तर माझ्या खुर्चीवर आया बसलेली, पोरं डोळे मिटून पेरू हुंगतायत आणि टीचरचा पत्ता नाही. त्यांनी व्हिडिओ काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. आमच्या मुलांना इंग्रजी आता आया शिकवणार का?

दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमनी बोलावलं. खोलीत मॅडम, त्या पालक बाई, मी आणि दाराशी उभ्या अक्का. मॅडमनी मला विचारलं, “तुम्ही यांना शिकवायला सांगितलं होतं?”

मी नाही म्हणाले. मी बाथरूमला गेले होते, त्या आपल्या मनानेच बसल्या, म्हणाले. इथवर भीती होती असं म्हणता येईल. पण मी पुढे बोलले — “मी दोनदा समज दिली होती त्यांना.” हे वाक्य कुणी मागितलं होतं? कुणीच नाही. ते मी माझ्या मनाने घातलं. खोटं पक्कं व्हावं म्हणून.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग मॅडमना म्हणाल्या, “हा मॅडम. टीचरनी सांगेल व्हतं. मीच ऐकं नही.”

त्यांनी मला वाचवलं. तेव्हा तरी बोलायचं ना? दार उघडं होतं, सगळे समोर होते, एक वाक्य पुरलं असतं. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले.

अक्कांचं काम गेलं. त्यांच्याबरोबर परीची फीमाफीही गेली. वर्ष संपायला दोन महिने होते. परी तोवर बत्तीस नावं न अडखळता सांगायची. पुढे कळलं, दोघी धुळ्याला राहायला गेल्या. अक्कांचा भाऊ देवपुरात आहे, परीला तिथल्याच शाळेत घातलंय. मी लग्नकार्याला धुळ्याला चारदा जाऊन आले. पत्ता माझ्याकडे होता. गेले नाही.

पिशवी मात्र वर्गाच्या कपाटात राहिली होती. पुढच्या वर्षी मीच ती काढली. मुलं खूश, पालक खूश, मॅडमही खूश. दुसऱ्या शाळांच्या टीचर बघायला यायला लागल्या. त्याला आता माझी पद्धत म्हणतात. मीही म्हणते.

परवा यंदाचा फ्रूट डे झाला. हॉलमध्ये पालक बसलेले. एक चुणचुणीत मुलगी पुढे आली. पिशवीत हात घालण्याआधी तिने लुगड्याच्या काठावरून बोट फिरवलं आणि माइकमध्येच विचारलं, “मिस, ही कोणी शिवली?”

आता तर कुणाचीच भीती नव्हती. त्या मॅडमही निवृत्त झाल्यात.

“मीच,” मी म्हणाले.

तिने डोळे मिटले, आत हात घातला, वास घेतला. ग्वावा, म्हणाली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.