निळा रंग लावून दीक्षेला

सुलभा साहित्य घेऊन बी.ए. झाली आणि वडिलांकडे बेंगळूरला आली. राजाजीनगरात शेजारी चंद्राबाई राहायच्या. मूळच्या बेळगावकडच्या. एका कानडी नाटक कंपनीत कृष्णाचं काम करायच्या. पन्नाशी उलटली तरी कृष्ण त्याच. सारी गल्ली त्यांना अक्का म्हणे.

तरुणपणी एकदा रंगमंचावर पद म्हणता म्हणता त्या नाहीशा झाल्या होत्या. "आवाज होता, मी नव्हते. पद संपलं नि परत आले. मी गेले कुठे होते ग?"

हे विचारत त्या जन्मभर फिरल्या. नाथपंथी जोग्याकडून कानात मंत्र घेतला. छावणीतल्या एका मडमेच्या टेबलाभोवती बसून मेलेल्यांना हाका मारल्या. एका हठयोग्यानं त्यांचं मीठ बंद केलं. "डोळे मिटले की आत्मा दिसेल म्हणाला. मला लोणचं दिसायचं."

मग एकोणीसशे साठ-एकसष्टच्या सुमारास बसवनगुडीतलं एक ध्यानमंडळ सापडलं. तिथले गुरुजी प्रतापराव निवृत्त इंजिनिअर होते. त्यांच्यासमोर बसलं की त्या पदात आपण गेलो होतो ती जागा अगदी जवळ आल्यासारखी वाटे. दार उघडेल तर इथेच, असं चंद्राबाईंनी मनाशी धरलं आणि दीक्षा मागितली. प्रतापरावांनी एकच अट घातली. नाटक सोडायचं.

चंद्राबाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

दीक्षा रविवारी सकाळी होती. सुलभा आधीच जाऊन बसली. दाराशी घोड्याचा जटका थांबला आणि चंद्राबाई उतरल्या. मुकुट, पीतांबर, तोंड निळंगर्द.

"हे काय, चंद्राबाई?" प्रतापराव म्हणाले.

"दुपारचा खेळ आहे, गुरुजी."

"म्हणजे अट मान्य नाही?"

"अट नाही. दीक्षा पाहिजे."

"आधी नमस्कार तरी करा."

"तो व्हायचा नाही. तोंडाला रंग लागला की आमच्यात माणसाच्या पाया पडत नाहीत. आईच्यासुद्धा."

एवढ्यात मंडळातली सर्वांत जुनी शिष्या गंगव्वा हात जोडून उभी राहिली.

"गंगव्वा, खाली बस. ती चंद्रा आहे," प्रतापराव म्हणाले.

"असेल. मला कृष्ण दिसतोय, त्याला मी काय करू?"

कुणीतरी खुदकन हसलं. प्रतापराव हसले नाहीत. "नट दुसऱ्याचं रूप घेतो, चंद्राबाई. तुम्हाला स्वतःचं शोधायचंय."

"मी एकदाच हरवले, गुरुजी, ती ह्याच रंगात. तो धुऊन टाकला तर शोधू कुठे?"

"मग इथे तुम्हाला काही मिळणार नाही."

"सरी, ठीक आहे," चंद्राबाई म्हणाल्या आणि वळल्या.

जटक्यात सुलभा त्यांच्याशेजारी बसली. तिनं त्यांचा हात धरला.

"चांगलं दार होतं ग," त्या म्हणाल्या. "रडवू नकोस. रंग ओघळेल."

दुपारी कृष्ण नेहमीसारखा उभा राहिला. टाळ्या पडल्या. सुलभा धावत आत गेली.

"अक्का, आज झालं का तसं?"

"नाही." त्या खोबरेल तेलानं तोंड पुसत होत्या. "येलहंकाच्या बाजूला एक बाई आहेत म्हणे. येतेस उद्या?"

"त्या काय शिकवतात?"

"काही नाही. बारा वर्षं मौन आहे त्यांचं."

"मग विचारणार काय त्यांना?"

"ते बघू. नाटक सोड म्हणणार नाहीत, एवढं तर नक्की."