सात ते आठचा पहारा

उकंडराव तायडे यांनी एकतीस वर्षे मेहकरच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रकाचे काम केले. गाडी कधी आली, कधी सुटली, किती मिनिटे उशीर झाला आणि चालकाने कारण काय सांगितले, हे चार रकान्यांत लिहिणे हा त्यांचा व्यवसाय होता. पहिल्या तीन रकान्यांवर त्यांचा विश्वास असे. चौथ्यावर तो कधी बसला नाही. ‘टायर पंक्चर’ असे लिहून घेताना ते चालकाचे हात पाहत. हात स्वच्छ असले तर काही बोलत नसत, फक्त त्या शब्दांखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढत. निवृत्त होऊन ते डोणगावला आपल्या घरी परतले, तेव्हा ही रेघही त्यांच्याबरोबर आली.

गावात ख्रिस्ती कुटुंबे अठरा. प्रार्थनामंदिर पत्र्याचे, दर रविवारी आधी झाडून काढावे लागणारे. इस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात काही ना काही सोडण्याची मंडळीची जुनी रीत आहे. कोणी चहा सोडतो, कोणी मटण. यंदा मंडळीचे धर्मगुरू पाळकसाहेब यांनी वेगळे सुचवले. रोज सायंकाळी सात ते आठ सर्वांनी मोबाइल बाजूला ठेवावा आणि तो तास घरातल्या माणसांबरोबर शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, वाचनात व प्रार्थनेत घालवावा. सूचना चांगली होती. तिला शेपूट जोडले ते उकंडरावांनी.

“पाळकसाहेब, नियम झाला म्हंजे पाहणारा लागते. नाई तं सारे हो म्हणतीन आन् करतीन आपल्याच मनाचं.”

कोणी विरोध केला नाही. विरोध करणारा आधीच संशयित ठरला असता. काम सुचवणाऱ्याच्याच गळ्यात पडले आणि त्यांनीही ते आनंदाने घेतले.

मोबाइलवर माणसांवर पाळत कशी ठेवतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. बाजारातल्या अकीलच्या मोबाइल दुकानात ते जाऊन बसले. अकीलने व्हॉट्सअ‍ॅप उघडून दाखवले.

“देखो चाचा, नाम के नीचे ‘ऑनलाइन’ लिखा आया तो समझो बंदा अंदर है. ‘लास्ट सीन’ मतलब कब तक था. पर वो लोग छुपा भी लेते.”

“लपवते कोण? ज्याच्या मनात काही असते तोच ना?”

“मैं भी छुपाया है, चाचा. ससुराल का मामला है.” अकील हसला. “आप ये सब काय को सीख रहे? जासूसी में भरती हुए क्या?”

“धर्माचं काम हाय.”

“तो फिर अल्लाह खैर करे,” अकील म्हणाला आणि त्याने पैसे घेतले नाहीत.

उपवासकाळ सुरू झाला त्या बुधवारपासून उकंडराव रोज सातला ओसरीवर खुर्ची टाकून बसू लागले. मांडीवर शंभर पानी वही, हातात मोबाइल. वहीत तेच चार रकाने. अठरा घरांतल्या मोबाइलधारकांची यादी क्रमाने केलेली होती. ते एकेक नाव उघडत, पाहत, मिटत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. यादीत एक नाव नव्हते. ते त्यांच्या पत्नीचे, सिंधूताईंचे. अकोल्याला नोकरी करणाऱ्या रवीने, त्यांच्या मुलाने, आईला मागच्या वर्षी एक मोबाइल दिला होता. पण स्वतःच्या घराची नोंद ठेवायची असते, ही कल्पना उकंडरावांच्या मनाला शिवली नाही.

सिंधूताईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शस्त्रक्रिया इस्टरनंतर ठरलेली होती. शास्त्रातली अक्षरे त्यांना दोन वर्षांपासून दिसत नव्हती. उकंडराव निवृत्त झाल्यापासून, म्हणजे नऊ वर्षे, रोज सायंकाळी सातला एक अध्याय मोठ्याने वाचत आणि त्या ऐकत, हा घरातला क्रम होता. पहारा सुरू झाला त्या दिवशी त्या आतून म्हणाल्या, “अहो, सात वाजले. वाचता ना?”

“सत्तावीस जण तपासायचे हायत. तू सुरू कर, म्या येतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारले, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी विचारले नाही. पाचव्या दिवसापासून आतून बाईच्या आवाजात हळू गुणगुणल्यासारखे ऐकू येऊ लागले. सिंधूताई एकट्या प्रार्थना करत आहेत, असे समजून उकंडरावांना बरे वाटले. घरची गाडी वेळेवर होती.

वहीतल्या नोंदी मात्र बऱ्या नव्हत्या. कोणी दोन मिनिटे डोकावून जाई, कोणी शेतमालाचे भाव पाहून जाई. ही किरकोळ माणसे होती. पण एक नाव असे होते की ते रोज सात वाजून चार मिनिटांनी आत येई आणि सात वाजून सव्वीस मिनिटांनी बाहेर पडे. ‘लास्ट सीन’ लपवलेले. वेळेवर सुटणारी गाडी उकंडरावांनी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिली होती. म्हणून हा नियमितपणा त्यांना अधिकच खटकला. ते नाव मयुरीचे होते.

मयुरी त्यांच्यासोबतचा दिवंगत वाहक शेखर याची मुलगी. तिच्या बाप्तिस्म्याच्या वेळी उकंडरावांनीच तिला हातांवर धरले होते. आता ती मेहकरच्या एका खासगी शाळेत शिकवत होती आणि रविवारी मंडळीच्या लेकरांची शब्बाथ शाळा घेत होती. तेवीस वर्षांची, अविवाहित मुलगी रोज ठरलेल्या बावीस मिनिटांत कोणाशी बोलते, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःशी देऊन टाकले. ते पेन्सिलीने लिहिले नाही, इतकेच.

एका दुपारी त्यांनी तिला बसथांब्यावर गाठले.

“मयुरी, सातच्या टायमाले मोबाइल बंद राह्यते ना बाई?”

“नाई, काका.”

“काऊन?”

“काम राह्यते.”

“कोणाचं?”

“ते मी नाई सांगत.” मग ती हसली. “तुमचा चौथा रकाना रिकामाच ठेवा.”

ती हसली, हे त्यांना उद्धटपणाचे वाटले. खोटे कारण देणारे चालक त्यांनी पुष्कळ पाहिले होते. कारणच न देणारा हा पहिला होता. त्या दिवशी त्यांनी नावाखाली दोन रेघा ओढल्या.

इस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली. पुरुष खुर्च्यांवर, बाया सतरंजीवर. उकंडरावांनी वही उघडून तारखा वाचल्या. पस्तीस दिवस, पस्तीस नोंदी. लेकरांना वेळेचा सदुपयोग शिकवणारीच जर नेमलेली वेळ अशी घालवत असेल, तर शब्बाथ शाळा तिच्याकडे ठेवावी की नाही, याचा निर्णय मंडळीने करावा, असे ते म्हणाले. आवाज चढवला नाही. खात्री असलेल्या माणसाला आवाज चढवावा लागत नाही.

“पण उकंडराव,” एका म्हाताऱ्याने विचारले, “ती मोबाइलवर हाय हे दिसायले तुमालेही मोबाइलवर राहा लागते ना?”

थोडे हसू झाले. उकंडरावांकडे उत्तर तयार होते. “पहारेकरी झोपला तं गाव कोण राखीन?”

हसू थांबले. तसे पाहिले तर ते उत्तर चुकीचे नव्हते. पण पहारेकरी गावाकडे तोंड करून बसला आहे की वेशीकडे, हे कोणी विचारले नाही.

पाळकसाहेब मयुरीकडे वळले. “बेटी, सांगून टाक. विषय मिटंल.”

मयुरी उभी राहिली. “शाळा काढून घ्यायची तं घ्या. मी शब्द देल्ला हाय.”

“कोणाले?” उकंडरावांनी विचारले. हाच प्रश्न त्यांना पाच आठवडे विचारायचा होता.

“मले.”

आवाज सतरंजीवरून आला. सिंधूताई गुडघ्यावर हात टेकून उठत होत्या. नवऱ्याची खुर्ची नेमकी कोठे आहे ते त्यांना दिसत नव्हते. त्या थोड्या दुसऱ्याच दिशेला तोंड करून बोलल्या.

“तिले काऊन विचारता? दुसरं टोक तुमच्याच घरात हाय. मले वाचून कोण दाखवते? मी म्हटलं तिले, माय, माह्या कानाले सातची सवय लागली हाय, तूच वाच. थे एकेक भाग वाचून आवाज पाठवते. मी ऐकतो आन् म्हणतो, पुढचं पाठव. आन् तुमी भाईर बसून थेच लिहून राह्यले.”

“मले सांगतलं काऊन नाई?”

“तीन रोज सांगतलं.”

पत्र्यावर कावळा चालत होता, तो ऐकू येत होता.

सिंधूताई पुढे म्हणाल्या, “तुमची लाज जाऊ नये म्हून तिले शपथ घातली होती. आता तुमीच चारचौघांत काढली, तं मी काय करू?”

पाळकसाहेबांनी वही मागितली. उकंडरावांनी ती दिली, पण लगेच नाही. आधी शेवटचे पान वाचले. नोंदी सर्व बरोबर होत्या. वेळा अचूक होत्या. त्यांतले एकही मिनिट खोटे नव्हते, आणि तरीही सत्तावीस माणसांच्या त्या यादीत त्यांना एका माणसाविषयीही खरे काही कळले नव्हते. सिंधूताईंविषयी तर नाहीच. शब्बाथ शाळेचा विषय पुढे निघाला नाही. मयुरी लेकरांच्या चटया गोळा करायला निघून गेली. तिने उकंडरावांकडे पाहिले नाही, आणि त्यांनी तिची क्षमा मागितली ती आठ दिवसांनी, तीही बसथांब्यावर, चार शब्दांत.

त्या रविवारी सायंकाळी सातला ओसरीवर खुर्ची नव्हती. उकंडराव शास्त्र घेऊन आत बसले. सिंधूताईंनी आधी विचारले, “मोबाइल कुठी हाय?”

“तुरीच्या डब्यात.”

“खरंच?”

त्या उठल्या, चाचपडत डब्यापाशी गेल्या, झाकण काढून हात घातला आणि परत येऊन बसल्या. पेन्सिलीची रेघ आता त्यांच्या हाती गेली होती. उकंडरावांनी खूणपट्टीवरून पान उघडले.

“सतरावा अध्याय.”

“थो झाला. ते पुस्तक सरलं आमचं. पुढच्या पुस्तकाचा बारावा हाय आज.”

“मंग मधातलं?”

“मधातलं तुमी दुपारी वाचून घ्या. मी काय वापस येऊ?”

त्यांनी पाने उलटली. पुष्कळ उलटावी लागली. बारावा अध्याय सापडल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि मागचा संदर्भ ठाऊक नसलेल्या माणसाच्या सावध आवाजात वाचायला सुरुवात केली. चौथ्या ओळीवर तुरीच्या डब्यात काहीतरी घरघरले. ते वाचत राहिले. पण स्वल्पविराम नसलेल्या जागी त्यांचा आवाज किंचित अडखळला, आणि सिंधूताईंनी मान त्यांच्याकडे वळवली.