सामानापाशी कोण बसणार

जयपूर बघायला निघाले तेव्हा माझ्या पायात ट्रेकचे बूट होते आणि सॅकमध्ये दोर. दोर कशाला, असं आईने विचारलं. मी म्हटलं, तिथे किल्ले आहेत. आमच्या कॉलेजच्या ट्रेकवाल्या मंडळींत दोराशिवाय किल्ल्यावर जाणं कमीपणाचं समजतात. एरवी आईने यावर तासभर तोंडसुख घेतलं असतं, पण त्या दिवशी तिचं लक्ष नव्हतं. गाडी सुटायच्या आधी तिने खिडकीशी येऊन सांगितलं की मावशीची नजर चालली आहे. पडद्याचा आजार आहे, मधलं दिसेनासं होत जातं, कडेकडेचं तेवढं राहतं. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय.

"तिला तो आरशांचा महाल बघायचाय," आई म्हणाली. "एवढी वर्षं तिथे राहून बघितला नाही गं तिने. दिसतंय तोवर बघू दे. तू गेलीस की निमित्त होईल."

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, विमा कंपनीत होते. बदली होऊन ते जयपूरला आले, तिथेच निवृत्त झाले आणि मानसरोवरमधल्या फ्लॅटमध्ये राहिले. घरात बोली अजून कऱ्हाडचीच, फक्त तिला हिंदीची फोडणी बसलेली. मावशी वांगी भैयाकडून आणायची आणि काका प्रत्येक वाक्यात एकदा तरी 'मतलब' म्हणायचे.

मला बघून मावशीला आनंद झाला, पण ती बोलत होती माझ्या उजव्या कानाशी. सरळ माझ्याकडे बघितलं की चेहरा नाहीसा होतो, कानाकडे बघितलं की थोडा दिसतो, असं तिने हसत सांगितलं. मीही हसले आणि हातपाय धुवायचं निमित्त करून मोरीत जाऊन रडले.

आलेल्या पाहुण्याला जयपूर दाखवणं हा काकांचा धर्म. त्याचा क्रम ठरलेला, वाक्यंही ठरलेली. हवामहालासमोर उभं करून ते म्हणणार, "आता मागच्या बाजूने चला. मतलब, बघा, नुसता दर्शनी भाग. मागे काही नाही." यात त्यांना एवढा आनंद होतो की तो महाल त्यांनीच रंगेहाथ पकडून दिलाय असं वाटावं. जंतरमंतरला दगडी सूर्यघड्याळाशी ते आपलं मनगटी घड्याळ ताडून बघतात, दोन्ही जुळत नाहीत, मग उन्हाची वेळ वेगळी आणि सरकारी वेळ वेगळी यावर सविस्तर प्रवचन होतं. तोवर पाहुण्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागतात. मी हे सगळं निमूट ऐकलं. मावशी घरी होती. शहरात फिरायला तिला यायचं नव्हतं, तिचं मन फक्त आमेरच्या किल्ल्यातल्या त्या आरशांच्या महालात अडकलं होतं.

आणि आमेरचा विषय निघाला की काका तो टाळायचे. थंडी ओसरू दे म्हणायचे, शनिवारी गर्दी असते म्हणायचे, एकदा तर मावशीच्या गुडघ्यांचं कारण पुढे केलं. जणू नजर त्यांच्या सवडीने थांबणार होती. मला त्यांचा राग यायचा. ते घाबरले होते, हे मला दिसत होतं, पण राग यायचा तो यायचाच.

इतक्या वर्षांत मावशीने तो महाल का बघितला नाही, हे मला तिनेच चपात्या लाटता लाटता सांगितलं. कारण अगदी साधं होतं. आपल्याकडे चार माणसं कुठे बघायला गेली की एकजण सामानापाशी बसतो. देवळात गेलो तर चपलांपाशी, समुद्रावर गेलो तर कपड्यांपाशी. पाहुणे आले की मावशी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यायची, वर पाण्याच्या बाटल्या, पोरांचे स्वेटर. आमेरला जीप वरपर्यंत जाते. तिथल्या पहिल्या मोठ्या चौकात, कबुतरांच्या गराड्यात, मावशी पिशव्या घेऊन बसायची आणि बाकी सगळे पायऱ्या चढून महाल बघून यायचे. पाहुणे बदलत गेले, माझी आईसुद्धा एकदा वर जाऊन आली, मावशी तेवढी खालीच राहिली. कुणी तिला बस म्हणालं नव्हतं. कुणी चल असंही म्हणालं नव्हतं.

एका रात्री जेवताना ती म्हणाली, "उद्या मी आमेरला जाणार."

काका पटकन बोलून गेले, "अगं, पण सामानापाशी कोण बसणार?"

बोलले आणि स्वतःच ताटाकडे बघत राहिले. मावशीने त्यांच्या कानाकडे बघत आमटी वाढली आणि दशम्या करायच्या आहेत, लवकर उठायला हवं, एवढंच म्हणाली.

सकाळी तिने ठेवणीतली हिरवी साडी नेसली. सामान म्हणजे एक कापडी पिशवी, ती मी खांद्याला लावली. माझे ट्रेकचे बूट बघून जीपवाला गालात हसला, आणि वर पोचल्यावर मला त्याचं कारण कळलं. आमच्याकडे किल्ला म्हणजे पडके बुरूज, पाण्याचं टाकं आणि वर झेंडा. वर गेलं की कुणीतरी जाणता सांगतो, इथे सदर होती, इथे वाडा होता. समोर नुसतं गवत असतं. आपण गवताकडे बघून मान डोलावतो, आणि खरंच थोड्या वेळाने सदर दिसायला लागते. आमेरात सगळं जागच्या जागी होतं. भिंती होत्या, छत होतं, रंगसुद्धा होता, वर कॉफीसुद्धा मिळत होती. कल्पना करायला काही ठेवलंच नव्हतं. मला थोडं फसवल्यासारखं झालं. माझा दोर घरी सॅकमध्येच राहिला, हे बरं झालं.

चौक आला हे मावशीला कुणी सांगावं लागलं नाही. आपली नेहमीची पायरी तिने पायाने चाचपली, एकदा वाकून हाताने पुसली आणि पुढे चालू लागली. पायऱ्या उंच होत्या. तिचा एक हात माझ्या हातात, दुसरा काकांच्या. दर चार पायऱ्यांवर ती थांबायची आणि आम्ही दोघं उगाच दम लागल्यासारखं करायचो. रंगवलेल्या मोठ्या दरवाजातून आत गेलो, आणि डाव्या हाताला तो महाल.

भिंतीपासून छतापर्यंत आरशांचे तुकडे होते, नखाएवढे, रुपयाएवढे. दुपारचं ऊन बागेतून आत येत होतं आणि सगळं लखलखत होतं. मी बघतच राहिले. मग मावशीकडे बघितलं. ती मान तिरकी करून बघत होती, डावीकडून, उजवीकडून, पुन्हा डावीकडून. बराच वेळ. लोक आमच्या बाजूने फोटो काढत पुढे जात होते.

"काहीतरी चमकतंय," ती शेवटी म्हणाली. "कडेला चमकतंय. मधे काही नाही गं."

उशीर झाला होता. ती सांगत होती त्यापेक्षा कितीतरी जास्त नजर आधीच गेली होती, आणि घरी तिने ते कुणाला कळू दिलं नव्हतं. काका छताकडे बघत होते, खाली मान करत नव्हते.

"अहो," मावशी म्हणाली, "तुम्ही सांगा ना. पाहुण्यांना सांगता तसं."

काकांनी मान आणखी वर केली.

"मला कधी सांगितलंच नाहीत तुम्ही. खाली यायचात आणि म्हणायचात, झालं बघून, चला, ऊन वाढतंय."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते ऐकवेना. काकांनी घसा साफ केला. "बघा, मतलब, हा जो महाल आहे," एवढं ते पाहुण्यांच्या आवाजात म्हणाले, "रात्री इथे एक दिवा लावला..." आणि अडले. जे वाक्य त्यांनी उभ्या गावाला ऐकवलं होतं, ते त्यांना पुढे येईना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, कारण मावशीने आता त्यांचे दोन्ही हात धरले होते.

मग वेगळ्याच, घरातल्या आवाजात ते बोलू लागले. "बारीक बारीक आरसे आहेत. तुझ्या बांगडीच्या काचेएवढे. मधे मधे फुलं काढलीत. आणि तुझी साडी दिसतीय. प्रत्येकात दिसतीय. छत सगळं हिरवं झालंय बघ."

मी वर बघितलं. छत हिरवं वगैरे झालं नव्हतं. एखाददुसऱ्या तुकड्यात हिरवा ठिपका होता, एवढंच. पण मावशी मान डोलवत होती, आम्ही गवताकडे बघून डोलावतो तशी, आणि थोड्या वेळाने मलाही सगळं छत हिरवं दिसायला लागलं.

"आणि तुम्ही?" तिने विचारलं.

"मी आहे की. शेजारीच आहे."

मग सावकाश पायऱ्या उतरलो. चौकात आलो तर मावशीच्या नेहमीच्या पायरीवर एक बाई बसली होती. आजूबाजूला पाच-सहा पिशव्या, मांडीवर कुणाचा तरी स्वेटर. तिच्या घरची माणसं वर गेली असणार. काका चालता चालता थबकले. माझ्या हातात मावशीचा हात देऊन ते तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"बहनजी, आप ऊपर देख आइए," ते म्हणाले. "सामान के पास मैं बैठता हूँ."

त्या बाईने त्यांच्या रडून लाल झालेल्या डोळ्यांकडे नीट बघितलं आणि सगळ्या पिशव्या आणखी जवळ ओढून घेतल्या.