तीन सडांचा चीक

कोलकात्याच्या मराठी मंडळींत सरोज परचुरे यांची ओळख दोन गोष्टींसाठी होती. बेहालातल्या शाळेत त्यांनी हयातभर भूगोल शिकवला, आणि त्यांच्या मालकीची एक गाय होती. पैकी भूगोल लोक विसरले. गाय लक्षात राहिली, कारण ती व्याली की मंडळात खऱ्या चिकाचा खरवस येई. या शहरात नासवलेल्या दुधाचा छेना पावलोपावली मिळतो. चीक शोधूनही मिळत नाही. सॉल्ट लेकमधली, मराठी अडखळत बोलणारी मुलंसुद्धा 'खरवस' बिनचूक म्हणत. भाषेच्या सेवेचं एवढं श्रेय सरोजताईंना पुरेसं वाटे.

गाय असे ठाकूरपुकुरपलीकडे, रामअवध यादवच्या खटालात, म्हणजे गोठ्यात. गाय सरोजताईंची, वैरण आणि धार रामअवधची, दूध निम्मंनिम्मं. नाव शरयू.

मागच्या वेतात शरयूच्या मागच्या डाव्या सडाला दगडी झाली. कास सुजून तापली, दुधात गुठळ्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी सडात सोडायचं औषध दिलं आणि ते पुरतं संपवा म्हणून बजावलं. औषध चालू असेतो दूध ओतून द्यायचं होतं, आणि ते ओतताना सरोजताईंचा जीव तुटे. दूध जरा पांढरं दिसू लागताच त्यांनी ते पेल्यात घेऊन उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "झाली बरी." रामअवधनेही मान डोलावली, आणि औषध तिथेच थांबलं. एरवी या दोघांचं कशावरच एकमत होत नसे.

रोगाला मात्र कोणी विचारलं नव्हतं. सूज उतरली, ताप उतरला, आणि रोग आत मुक्कामाला राहिला. गुठळ्या येत, जात, पुन्हा येत. हळूहळू कासेचा तो भाग आक्रसून करवंटीसारखा टणक झाला. डॉक्टरांनी दाबून पाहिलं आणि सांगितलं, की दूध तयार करणारी जागाच आत उरली नाही. तिथे नुसता व्रण आहे, तो सड आता परत येणार नाही. सरोजताईंनी ऐकून घेतलं, पण मनातून पुढच्या वेतावर भिस्त ठेवली.

यंदा पौषात शरयू व्याली. कालवड झाली. खटालाकडे निघालेल्या सरोजताईंना रिक्षातच मंडळाच्या सचिव अपर्णाचा फोन आला.

"काकू, अभिनंदन! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला खरवस धरते हं. सगळ्यांना सांगून टाकलंय."

"आधी वासराचं पोट बघू दे गं."

"एवढंसं वासरू, पिऊन पिऊन किती पिणार?"

रामअवधने एकेक सड पिळून दाखवला. पुढच्या दोन्हींतून पिवळाधमक चीक आला. मागच्या उजव्यातून पाणचट आणि जेमतेम; शेजारचं दुखणं तिथेही पोचलं होतं. डावा कोरडाच. कासेत जास्त कमावतात ते मागचेच दोन.

"इतना ही है, दीदी," रामअवध म्हणाला. "बछिया पिएगी, या आपका मराठी लोग खाएगा. बोलिए."

"आणि कल?"

"कल के दूध में वो ताकत थोड़े रहेगी."

रोगाशी झुंजायची ताकद वासराला पहिल्या काही तासांच्या चिकातूनच मिळते, हे सरोजताईंना ठाऊक होतं. त्यांनी अपर्णाला फोन लावला.

"खरवस होणार नाही."

"अहो काकू, पण मी सगळ्यांना..."

"सगळ्यांना सांग, सरोजकाकूंनी औषध अर्ध्यावर सोडून गाय बिघडवली. खरं तेच सांग."

"मग बिनचिकाचा, चायना ग्रासचा करू?"

"कर. कोणाला कळायचं नाही."

हे त्या टोमणा म्हणून बोलल्या नव्हत्या.

कालवड धडपडत उभी राहिली, आणि नेमका मागचा डावा सड तिने तोंडात धरला. ढुशा देऊन देऊन चोखू लागली. काही येईना, पण सोडेना. सरोजताईंनी तिचं तोंड सोडवून पुढच्या सडाला लावलं. दोन घोट घेतले, की पुन्हा मागे.

"सीख जाएगी, दीदी. आप घर जाइए."

सरोजताई गुडघे धरत शेणातच खाली बसल्या. तो वठलेला सड त्यांनी मुठीत झाकून घेतला. बाकीची कास ऊन होती. मुठीतलं मात्र गार होतं. कालवड मुठीवर ढुशा देत राहिली, बोटं चाटून पाहिली, आणि मग पुढे सरकली. ती पिऊ लागली, तरी सरोजताईंनी मूठ सोडली नाही.