आपल्याकडे म्हणजे कुठे

फाळणीनंतर कराचीहून आम्ही उल्हासनगरच्या कॅम्पात आलो तेव्हा मी पाच वर्षांची होते. आजोबांच्या वेळेपासून आमचं घर कराचीत, त्यामुळे कोकणातलं मूळ गाव मी पाहिलेलंच नव्हतं. बराकीत दोन्ही बाजूंना सिंधी कुटुंबं आणि मध्ये आम्ही मराठी. आम्ही नक्की कोण, हे कुणाला कळत नसे. जवळच्या पालेगावची भाजीवाली आईला म्हणे, "बाई, भेंडी लेव, ताजी हय." आईने मराठीत भाव विचारला की ती चपापे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हिंदीवर येई. शेजारची सिंधी मासी मात्र आम्हाला आपल्यातलंच धरी, कारण तीही कराचीची.

आई उठता-बसता "आपल्याकडे" म्हणे. आपल्याकडे नळाला पाणी कसं धो धो यायचं. आपल्याकडे डाळिंबं अशी पिचकी नसायची. आपल्याकडे म्हणजे कराची, यात मला कधी शंका आली नाही.

मी आठ वर्षांची असताना काका-काकू कोकणातून आमच्याकडे आठवडाभर राहायला आले. काका बाबांचे थोरले भाऊ, मूळ गावीच राहिलेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. ते नुसते भेटायला आले नव्हते, मला न्यायला आले होते. तिथे शाळा आहे, दूधदुभतं आहे, इथे एका खोलीत पोरीचं काय होणार, असं त्यांचं म्हणणं. धाकटा भाऊ तान्हा होता आणि आई नुकतीच आजारातून उठली होती. बाबांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आई म्हणाली, "तिलाच विचारा वहिनी. हो म्हणाली तर न्या." मी नाही म्हणणार याची तिला खात्री होती. हे सगळं मला मागाहून कळलं. मुलांना काही सांगायची तेव्हा पद्धतच नव्हती.

पाहुणे आले म्हणून पहिल्याच दिवशी मासी पापड भाजून पाण्याच्या तांब्यासकट घेऊन आली. पापड आला म्हणजे पानं वाढली असणार, असं समजून काकू हात धुऊन बसली. बराच वेळ झाला तरी भात येईना, तेव्हा तिने आईकडे पाहिलं.

"जेवण नाही वहिनी, आल्या पाहुण्याला आधी पापड-पाणी. आपल्याकडे असंच असतं," आई म्हणाली.

"आपल्याकडे? आपल्याकडे गूळपाणी देतात गो," काकू म्हणाली.

मला काकूची कीव आली. बिचारी कराचीला कधी गेलीच नव्हती, तिला काय ठाऊक.

चौथ्या दिवशी बाबांनी टांगा ठरवला आणि सगळ्यांना अंबरनाथचं देऊळ दाखवायला नेलं. कराचीतली गल्लीन् गल्ली बाबांना पाठ होती. इथे मात्र ते दर वळणावर टांगेवाल्याला विचारत होते. देवळापाशी काकांनी वर मान करून विचारलं, "कुणी बांधलं रे हे?"

"फार जुनं आहे, दादा."

"ते दिसतंय."

आत पिंडीकडे जायला पायऱ्या चढायच्या नसतात, उतरायच्या असतात. आम्ही भिंत धरून अंधारात उतरलो. देव खाली का, हे मी विचारलं, पण बाबांना तेही सांगता येईना. पाहुणे कोण आणि घरचे कोण, तेच मला कळेना.

मग झाडाखाली दशम्या सोडल्या. काकूने मला जवळ ओढलं. "येशील ना गो आमच्याबरोबर आपल्याकडे?"

इतक्या दिवसांनी कुणीतरी घरी जायची गोष्ट काढली होती. मी उडीच मारली. "हो! कधी निघायचं?"

आई माझ्या दशमीवर चटणी घालत होती. ती घालायची राहिली. कोरडीच दशमी तिने माझ्या हातात दिली.

पुढचे दोन दिवस आई माझ्याशी कामापुरतं बोलली. तिने माझे परकर धुतले, पोलक्याला बटण लावलं, पत्र्याची पेटी भरली. तिची पेटी का भरत नाही, असं मी विचारलं तर म्हणाली, "मी कशाला?" मला वाटलं, बाळाला घेऊन ती मागून येईल. ती का रागावलीय हे मात्र समजेना, आणि त्याची मला भीती वाटत होती.

निघायच्या सकाळी काका टांगा आणायला गेले. मी पेटीवर बसून काकूला विचारलं, "बंदरावरून घरी जायला उंटगाडी मिळेल ना?"

"उंट? आपल्याकडे कुठला गो उंट? बैलगाडी येईल न्यायला."

"कराचीत असतात की."

काकूने आईकडे पाहिलं. आई हातातलं टाकून माझ्याकडे आली. "मेले, तू कराचीला निघाली होतीस?" असं म्हणत तिने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि लगेच मला इतकं घट्ट धरलं की श्वास घेता येईना. मी रडले, पण कशासाठी ते मलाच माहीत नव्हतं.

 काकूने पिशवी उघडून गावाहून आणलेली उरलीसुरली फणसपोळी माझ्या ओंजळीत ठेवली. "मी विचारलं आणि ती नाही म्हणाली, असंच धरू या," ती आईला म्हणाली. टांग्यात बसताना तिने पदर डोळ्यांना लावला. तिचं वाईट मला तेव्हा वाटलं नाही. आता वाटतं.

संध्याकाळी बाबा कामावरून आल्यावर आईने त्यांना सांगितलं, "ही तिकडे निघाली होती."

तिकडे. कराचीला आई कधी तिकडे म्हणाली नव्हती. मी तिच्याजवळ गेले.

"आई, मग आपल्याकडे म्हणजे कुठे?"

आई बाळाला थोपटत होती. थोपटता थोपटताच म्हणाली, "आधी ती पेटी रिकामी कर."