बिननाकाची आगबोट

स्वारगेटवर एस.टी.त बसले तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुठं निघालात?" मी म्हटलं, "बोटीच्या सफरीला. सांगलीकडे." त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. त्यांचं काही चुकलं नाही. सांगलीला समुद्र नाही हे मलाही ठाऊक होतं. पण आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, की त्यांच्या गावाकडे कृष्णेवर एक आगबोट कंपनी आहे, तिला ताफा आहे, इतिहास आहे आणि कॅप्टनही आहे. मोठ्या बोटीतून फिरायची मला भारी हौस, पगार मात्र शिक्षिकेचा. तेव्हा परवडेल त्या पाण्यात उतरावं म्हणून दसरा होताच मी निघाले.

खंबाटकीच्या घाटात गाडी तापली आणि साताऱ्याच्या स्टँडवर ड्रायव्हर तापला. तो शांत होईपर्यंत मी पावशेर कंदी पेढे घेतले. बोटीवर मळमळलं तर तोंडात टाकायला असावेत, हा हेतू. कराड यायच्या आत ते संपले आणि मळमळही गाडीतच उरकून घेतली. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन पावसाळे बरे झाले होते, त्यामुळे पुढे दोन्ही बाजूंना नुसता ऊसच ऊस. पाणी मात्र कुठं दिसेना.

फाट्यावर उतरले तर खाकी सदरा आणि डोक्याला पटका अशा थाटात एक गृहस्थ उभे होते. मास्तरांचं पत्र पोचलं असावं, कारण मला पाहताच त्यांनी खाडकन सलाम ठोकला.

"कॅप्टन हिंदुराव. पलटणीत हवालदार हुतो, पर पान्यावर कॅप्टन."

मी म्हटलं, "आधी ताफा दाखवा."

नदीकाठी बाभळीखाली तीन काहिली (उसाचा रस आटवण्याच्या लोखंडी कढया, चार माणसं मांडी घालून बसतील एवढ्या) पालथ्या पडल्या होत्या. मला वाटलं, ताफा त्यांच्या पलीकडे असेल. पलीकडे एक म्हैस होती.

"ही थोरली, ही मधली आन् ही धाकली," हिंदुराव अभिमानानं म्हणाले. "धाकली गळती. तिच्याखाली सध्या कोंबड्या हायती."

"अहो, पण आगबोट ना? इंजिन कुठाय?"

"आवं बाई, दिवाळी झाली की गुऱ्हाळावर हिच्याखाली आग असती. पावसाळ्यात ही बोट असती. मग आगबोट न्हवं तर काय?"

मी पंधरा वर्षं मुलांच्या उत्तरांना गुण देत आले आहे. या उत्तराला मी पैकीच्या पैकी दिले.

कंपनीचा इतिहास जेवताना कळला. हिंदुरावांच्या मंडळी हौसाबाई यांनी अख्खा मसूर, भाकरी आणि असा काही खर्डा वाढला, की निम्मा इतिहास मी डोळे पुसतच ऐकला. पलटणीत असताना हिंदुरावांना एकदा मोठ्या जहाजातून परदेशी नेलं होतं. सगळा प्रवास त्यांनी तळाशी खेचरांच्या शेजारी केला. तरी बोटीची गोडी लागली ती लागलीच. पेन्शनीवर आल्यावर त्यांनी मेव्हण्याच्या गुऱ्हाळातल्या काहिली मागून आणल्या आणि कंपनी काढली.

"उद्या आमचा निकाल हाय," ते एकदम म्हणाले आणि भाकरी तशीच हातात राहिली.

उद्या जत्रा होती. देवी नदीच्या पलीकडच्या काठावर, आणि अलीकडे दोन गावं, वरची वाडी आणि खालची वाडी. दोन्ही गावांच्या पाटलांनी एकाच नावेतून पलीकडे जायचं, आणि ज्याचा पाय आधी काठाला लागेल त्याच्या गावचा नारळ आधी फुटायचा, असा रिवाज. आता नावेला नाक असतं आणि नाकाशी बसलेला आधी उतरतो. त्यामुळे नाकाशी कुणी बसायचं यावरून दरवर्षी भांडण. गेल्या वर्षी भांडता भांडता नावच उलटली, नारळ वाहून गेले आणि नावाड्यानं कायमचे हात जोडले.

"माज्या बोटीला नाकच न्हाई. भांडत्याल कशावर?" हिंदुराव म्हणाले. "उद्या नीट पार पडलं तर जत्रंचं काम कायमचं आपलं. न्हाई तर मेव्हणा तिन्ही काहिली घिऊन जानार. मग मी निस्ता पेन्शनर." हे शेवटचं त्यांनी इतकं हळू सांगितलं, की मला खरंच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी खालच्या वाडीच्या घाटावर ही गर्दी. वरच्या वाडीचे पाटील तात्या, कल्लेदार मिशांचे. खालच्या वाडीचे पाटील अण्णा, सडपातळ जैन गृहस्थ, शुभ्र उपरणं घेतलेले. आधी कुणी चढायचं यातच दुपार गेली. शेवटी दोघांनी थोरलीत एकाच वेळी पाय टाकला. तिघं बसले की काहील कलते, चौथं वजन पाहिजे, म्हणून मला बसवलं. बोटीच्या सफरीत माझी नेमणूक झाली ती अशी.

"पुढली बाजू कंची?" तात्यांनी विचारलं.

"चौफेर पुढलीच हाय, आवं," हिंदुराव म्हणाले आणि त्यांनी बांबू रेटला.

मधल्या धारेला लागताच थोरली जात्यासारखी गरगरायला लागली. तात्यांचं तोंड देवीकडे आलं की ते मिशीवर हात फिरवायचे, तोवर अण्णा तिकडे यायचे. मग तात्या बूड घसटत काठाच्या बाजूला सरकले. अण्णाही सरकले. दोघं जसे सरकत गेले तशी काहील आणखीच फिरू लागली. मी कडीला धरून डोळे मिटले.

"हिंदुराव, दिवस मावळायच्या आत मला जेवायचं हाय!" अण्णा ओरडले. "मावळला तर सकाळपातूर उपाशी!"

"मग हट्ट सोडा, उतरा की मागनं," तात्या म्हणाले.

"आधी उतरल्याबिगर घास न्हाई!"

"सावधान! बैठ जाव!" हिंदुराव पलटणीतल्या आवाजात गरजले, पण काठ हातभर राहिला होता आणि दोन्ही पाटील एकदम उठले. काहील एका अंगाला कलली आणि चौथं वजन उडून काठावरच्या चिखलात उपडं पडलं.

आधी पाय लागायचा होता. माझं तर सगळंच लागलं.

जत्रा माना उंचावून बघत राहिली. हिंदुरावांचा चेहरा पांढराफटक. तेवढ्यात देवळातली म्हातारी गुरवीण ताट घेऊन पुढं आली आणि तिनं मला उठवलं.

"बघत काय ऱ्हायलाय? देवीच्या दारात लेक आलीया. लेकीच्या ओटीआधी कुणाचा रं मान? घाला दोघांचं नारळ हिच्या पदरात. एकदम घाला."

लेकीची ओटी म्हटल्यावर कोण काय बोलणार? दोन्ही नारळ एकाच वेळी माझ्या चिखलानं माखलेल्या पदरात पडले. हिंदुरावांनी मोठा श्वास सोडला. तो सोडतात न सोडतात तोच तात्या म्हणाले, "लेक आमची. काल जेवली कुनाच्या घरात? हिंदुरावच्या. हिंदुराव वरच्या वाडीचा."

"आन् बोटीत चढली कुनाच्या घाटावरनं?" अण्णा उसळले. "आमच्या! लेक आमची!"

मग जे जुंपलं म्हणता! दोन्ही गावं तावातावानं माझ्यावरून भांडत होती. पदर सावरून मी मध्येच उभी. माझे आईवडील जाऊन कितीतरी वर्षं झाली. भावाचं घर आहे, पण तिथून बोलावणं येत नाही. ही आमची, असं माझ्याबद्दल कुणी एवढ्या मोठ्यांदा म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. मला रडू फुटलं, आणि चिखलामुळे ते कुणाला दिसलं नाही हे बरं झालं.

भांडणाच्या भरात दिवस बुडाला. अण्णा त्या रात्री उपाशी राहिले, पण हक्क सोडला नाही.

जत्रेचं काम हिंदुरावांच्या कंपनीला कायमचं मिळालं. दोन्ही गावांच्या पंचांनी अट एकच घातली, की दरवर्षी सगळ्यांत आधी लेक उतरली पाहिजे, आणि ती हीच पाहिजे. परत निघाले तेव्हा फाट्यावर दोन्ही वाड्यांची माणसं गुळाच्या ढेपा घेऊन उभी होती. ढेपांचं वजन पाहून कंडक्टरनं विचारलं, "बाई, दुकान हाय काय?" मी म्हटलं, "नाही हो, माहेरचं आहे."

बोटीच्या सफरीला गेलेली मी ढेपा उतरवून घरात आले तेव्हा पुण्यातली खोली मला पहिल्यांदाच सासरसारखी वाटली. तेव्हा ज्यांचं माझ्याकडे काही काम असेल त्यांनी ते आधीच सांगून ठेवावं. दसऱ्यानंतर मला पुण्यात शोधू नका.