पाहुणीकडे मागायचं कसं

कडावची वनिता इटलीत समुद्रकिनारी राहते. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. नाव सांगून काय होतं, ते पुढे येईलच. जेनोआच्या पूर्वेला एक लहानसं बंदर आहे, एवढं पुरे. डोंगर थेट पाण्यात उतरलेला, घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी, आणि सगळीकडे जिने. तिचा नवरा किशोर तिथे बोटी बांधण्याच्या कारखान्यात वेल्डर आहे. आधी रसायनी, मग दुबई, मग तिकडे, असा तो सरकत गेला आणि मागोमाग वनिता गेली. गेली तेव्हा तिच्याकडे बी.ए.ची पदवी होती आणि इटालियनचा एक शब्द येत नव्हता. आता भाजीवाल्याशी भांडण्याइतकी भाषा येते. परक्या मुलखात राहायला त्याहून जास्त लागत नाही.

फावल्या वेळात ती मोबाइलवर व्हिडिओ करते. इकडून फिरायला जाणाऱ्या मराठी माणसांसाठी टिपा. बसचं तिकीट बसमध्ये शोधू नका, तंबाखूच्या दुकानात मिळतं. दुपारी दुकानं बंद असतात, दारं ठोठावू नका. जेवणावर दुधाची कॉफी मागू नका, वेटर असा बघतो जणू आपण अंगठा चोखतोय. बोलते फर्डं, आणि खोटं बोलत नाही, म्हणून लोक ऐकतात.

तिचा सगळ्यात गाजलेला व्हिडिओ एका बाकाचा. तिच्या घराखालीच, समुद्राकडे तोंड करून, एक दगडी बाक आहे. वर अंजिराची सावली, शेजारी पिण्याच्या पाण्याचा नळ. 'इथे बसा, डबा खा, कोणी हटकत नाही,' असं वनिता हसत हसत सांगते. झालं. ठाण्या-डोंबिवलीच्या मंडळींनी तो बाक आपलाच मानला. तिथे बसून चकल्या फोडतात, वर बघून 'वनिताताईऽऽ' अशा हाका मारतात आणि चुकून तळमजल्यावरच्या घरमालकिणीची बेल वाजवून गरम पाणी मागतात.

घरमालकीण म्हणजे ओर्नेलाबाई. सत्तरी ओलांडलेली, एकटी, जन्मभर शाळेत गणित शिकवलेली. हल्ली त्या दुपारच्या खिडकी लावून घ्यायला लागल्या होत्या. वनिताला वाटलं, वय झालं, ऊन सोसत नसेल. दुसऱ्या कोणाला तसं वाटलं नसतं, पण आपल्या यशाच्या बाबतीत माणूस जरा आंधळाच असतो.

आणि मग बातमी आली. ओर्नेलाबाईंच्या मुलाचं म्हणणं पडलं की हे भाडेकरू काढावे आणि घर पर्यटकांना आठवड्या-आठवड्याला द्यावं. बाईंनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. 'हिवाळा संपताना सांगते,' म्हणाल्या. त्या किनाऱ्यावर राहायला दुसरं घर मिळणार नव्हतं, सगळी पर्यटकांना गेलेली. मग कुठेतरी आतल्या शहरात, समुद्र नाही, ओळखीचा भाजीवाला नाही, आणि किशोरची रोजची दोन तासांची वणवण. वनिताला हेच घर हवं होतं.

तिने काय करावं? सरळ विचारावं ना! पण नाही. ती म्हणाली, "सिन्योरा, यंदा माझ्या गावी चला. वालाच्या शेंगांचे दिवस आहेत." आणि काय आश्चर्य, बाई आल्या. किशोरला सुट्टी मिळाली नाही, तो तिकडेच राहिला. वनिताने ठरवलं होतं, बाईंना खूश करायचं आणि चांगला मुहूर्त बघून घराचं काढायचं.

कडावला पोचल्यावर तिने पहिल्याच दिवशी हा बेत सासूला सांगितला. भागूबाई ताडकन उभी राहिली.

"अगं, काय अक्कल हाय का नाय? ती आपल्या घरात बसून आपला भात खातेय, अन् तू तिच्याकडं मागनार? तोंडात घास असताना कुनी नाय म्हनंल का? ते मागनं नाय, ती लूट झाली!"

"आई, तिकडे असं काही नसतं. तिकडे सरळ विचारतात."

"मग तिकडंच इचारायचं होतंस. हितं नाय. या घरात पावण्याकडं कुनी कदी कायबी मागितलं नाय. तुजं सासरं तर पावना असंस्तवर त्याच्याकडं काडेपेटी मागत नसत, चुलीवर इडी पेटवीत."

आणि गंमत अशी की वनिताला ते पटलं. इतकी वर्षं तिकडे काढली, तिकडच्या लोकांना रांगेतून हाकलून द्यायला शिकली, पण पाहुणीच्या तोंडावर मागायची वेळ आली की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. एकदा तिने केलाही प्रयत्न. बाई अंगणात ऊन खात बसल्या होत्या, वनिता म्हणाली, "सिन्योरा, एक विचारायचं होतं." बाई लगेच ताठ बसल्या, "विचार." वनिताने विचारलं, "आणखी चहा घेणार?"

रोज सकाळी किशोरचा फोन यायचा.

"विचारलंस का?"

"पाहुण्या आहेत त्या."

"माहीत आहे मला. विचारलंस का?"

"तूच विचार तुझ्या आईला, विचारू का म्हणून."

फोन बंद.

इकडे आळीने पाहुणीला ताब्यात घेतलं. एका घरी चहा घेतला की शेजारचं घर सोडता येत नाही, म्हणजे कोपऱ्यापर्यंत सगळी घरं आली. ओटीचा प्रश्न निघाला तेव्हा बायका जरा थबकल्या. बाई विधवा, ओटी भरायची कशी? शेजारच्या आवडीबाईने निकाल दिला, "तिकडं कुंकू लावीतच नाय, मग पुसलं तरी काय? भरा." भरली. बाई दर घरातून तांदूळ, नारळ आणि खणाचा तुकडा घेऊन बाहेर पडायच्या आणि वनिताला विचारायच्या, "हे मी कधी परत करायचं?"

वनिताने डोकं लढवलं. घरात मागता येत नाही ना? मग घराबाहेर मागू. कळंबला एक रिसॉर्ट आहे, पोहण्याचा हौद, प्लॅस्टिकची नारळाची झाडं, लाल सॉसमधला पास्तासुद्धा. तिथे ना ती यजमान, ना बाई पाहुण्या. ती बाईंना घेऊन गेली, कोपऱ्यातलं टेबल धरलं, पाणी प्याली, तोंड उघडलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"वैनी! तुमी? अन् मला फोन नाय?"

किशोरचा चुलतभाऊ गजा. तिथला मॅनेजर. हे तिला माहीतच नव्हतं.

"मेनूकारड काय बघताय परक्यावानी? आपलंच घर हाय! ए, पावणीला आधी सरबत दे रं!"

संपलं. आपलंच घर झालं. वनिताने मुकाट्याने पास्ता खाल्ला. बाईंनी एक घास घेतला, काटा ठेवला आणि अत्यंत सभ्यपणे सांगितलं की त्यांना मुळीच भूक नाही.

मग ती त्यांना मोहोपाड्याला भावाच्या क्वार्टरमध्ये घेऊन गेली. तिथे तर ती स्वतःच माहेरवाशीण. दोघींच्याही ताटात वहिनी पुऱ्या टाकत राहिली. ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून टाकली. बोलायला तोंड रिकामं मिळेचना.

परतताना गाडीत बाई फोनवर बोलत होत्या. चर्चमध्ये एकत्र गाणाऱ्या त्यांच्या मैत्रिणींना रोज असा निरोप जायचा. वनिताने कान दिला. बाई शाळामास्तरणीच्या सुरात सांगत होत्या, "नीट ऐका. इथे 'नको' तीनदा म्हणावं लागतं, पहिली दोन धरत नाहीत. पहिल्या घरी कप अर्धाच प्या, पुढे खूप घरं असतात. आणि भागूबाईच्या ओट्यावरची डावीकडची जागा घ्या, सकाळचं ऊन तिथेच येतं. सगळ्या जणींनी यायलाच हवं."

वनिताच्या कपाळाची शीर उडाली. आमच्या ओट्याचं ऊन ही बाई गावभर वाटते आहे! उद्या तिकडच्या डझनभर म्हाताऱ्या सासूबाईंच्या ओट्यावर येऊन बसल्या तर? हे तिला अगदीच आगाऊपणाचं वाटलं. बाकाची आठवण त्या वेळी तिला आली नाही. सांगितलं ना, आंधळी.

जाण्याचा दिवस जवळ आला आणि बाईंनी बंड केलं. त्यांना या घरात काडी उचलू दिली नव्हती, पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देत. त्या सकाळी त्या थेट चुलीपाशी जाऊन बसल्या. "आज स्वयंपाक मी करणार."

भागूबाईने छातीवर हात मारला. "पावणी रांधनार? लोक मला शेन घालतील तोंडात!"

"आई, त्या ऐकत नाहीयेत."

"मग कर म्हनावं. दार लाव आदी."

दार लावून, पाहुणीने आपल्या किनाऱ्यावरची खासियत करायला घेतली. फारिनाता. काय काय लागतं? हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, मीठ, तेल. भागूबाई टक लावून बघत होती.

"अगं, ह्यो तर बेसनाचा पोळा!"

"तसाच, आई. पण भट्टीत भाजतात."

"इतक्या लांबून ही बया आमाला पोळा शिकवाय आली?" असं म्हणत तिने बाईंची पाठ वळताच भांड्यात ठेचलेली मिरची आणि लसूण ढकलून दिला. बाईंनी पितळी परात चुलीवर चढवली, वर पत्रा, पत्र्यावर निखारे. ऑलिव्हच्या तेलाच्या जागी गोडेतेल बघून त्यांनी एक दीर्घ श्वास सोडला, एवढंच.

पोळा झाला, आणि मिरची असूनही फार सुरेख झाला. बाईंनी तो कापला, सगळ्यांना वाढला. वनिता वाढलेल्या ताटाकडे बघत राहिली आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आई, आज रांधलं कोणी?"

"दिसत नाय का? हिनं."

"वाढलं कोणी?"

"हिनंच."

"म्हणजे आज यजमानीण कोण, आणि पाहुण्या कोण?"

भागूबाईने घास चावता चावता विचार केला. बाईमाणूस नियमाची पक्की होती, आणि नियम दोन्ही बाजूंनी लागतो हे तिला मान्य करावंच लागलं.

"आपन पावण्या," ती म्हणाली. मग पदर सावरला. "पावना मागू शकतो. माग. पटकन माग, ती भांडी घासायला लागायच्या आत."

वनिताने मागितलं. एका दमात, कुठेही न थांबता, घर आम्हालाच राहू द्या म्हणून.

ओर्नेलाबाईंनी पिठाचा हात कपाळावर मारून घेतला. "इतके दिवस मी वाट बघतेय! मला वाटलं तुला घर नकोच आहे. आमच्याकडे ज्याला हवं असतं तो बोलतो."

"आमच्याकडे ज्याला हवं असतं तो चहा देतो," वनिता म्हणाली.

"घर देईन. मुलाला मी सांगेन. पण तो बाक जगाच्या नजरेतून काढ." बाईंचा आवाज तापला. "मी त्या बाकावर संध्याकाळी बसत होते, वनिता. माझा नवरा गेल्यापासून रोज. गेल्या उन्हाळ्यापासून मला तिथे जागा मिळालेली नाही. मला चकली दिली एका बाईंनी, माझ्याच बाकावर, पाहुणी समजून!"

वनिताला गाडीतला निरोप आठवला आणि आपल्याला आलेला राग आठवला. तिचे कान गरम झाले.

"काय म्हनतेय?" भागूबाई.

वनिताने सांगितलं. व्हिडिओ काढून टाकायचा म्हणजे तिचा सगळ्यात गाजलेला. ज्यामुळे कर्जतच्या बाजारात अनोळखी बायका तिला हात करतात, तो. तिला खरोखर जिवावर आलं.

"त्यात इचार कसला?" भागूबाई म्हणाली. "तिची बसायची जागा तू लोकांस्नी वाटलीस. ती तुजी होती का? काढ."

वनिताने फोन काढला. फोनने विचारलं, नक्की ना? तिने डोळे मिटून अंगठा दाबला. मग बाईंनी चष्मा लावून स्वतः खात्री करून घेतली, गणिताच्या मास्तरीण त्या. आणि ओट्याचा निरोप आपणही मागे घेतो म्हणाल्या, पण भागूबाईने ते मुळीच होऊ दिलं नाही. "येऊ दे की त्यांना. माजा ओटा हाय, मी कुनाला बी बसवीन."

जेवणं झाली. ओर्नेलाबाई ताटं गोळा करायला उठल्या. वनिता सवयीने धावली, पण सासूने तिचा पदर धरून खाली बसवलं.

"बस गं. आज आपन पावण्या."

आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच भागूबाई भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली, मोरीतल्या भांड्यांचा आवाज डोळे मिटून ऐकत राहिली, आणि थोड्या वेळाने तिकडे न बघताच म्हणाली,

"तिला म्हनावं, परातीला राख लाव. नुसत्या पान्यानं तेल जात नाय."